मोरचुदी आणि मोरपंखी

रंगारीण त्या सकाळी जिना उतरली नाही, उड्या मारत खाली आली. चाळिशी ओलांडलेली, चष्मा लावणारी बाई. एरवी कुणी पायऱ्या गाळत धावलं तर डोळे वटारायची, पण आज तिचेच पाय जमिनीवर ठरत नव्हते. कारणही तसंच होतं. प्रयोगशाळेच्या तळमजल्यावर काचेच्या कपाटात दांडे तयार होऊन ओळीने उभे होते, आणि ते आज अंगणापलीकडच्या इमारतीत निर्जंतुक व्हायला जायचे होते. तिथून इस्पितळात, आणि इस्पितळातून थेट माणसांच्या हाडांत.

दांडे म्हणजे खुब्याचा सांधा बदलताना मांडीच्या हाडात वरून ठोकून बसवतात ते टायटॅनियमचे दांडे. वीतभर लांब, खाली निमुळते. मूळ धातू करडा असतो, पण रंगारणीच्या हौदातून निघालेले हे दांडे निळे होते, आणि त्यात तिने रंगाचा एक थेंबही घातला नव्हता. आम्लाच्या पाण्यात धातू बुडवून वीज सोडली की त्याच्या अंगावर पातळ पापुद्रा चढतो, आणि पापुद्रा किती जाड यावर त्याचा रंग ठरतो. साबणाच्या फुग्यावर रंग दिसतात, त्यातलाच हा प्रकार. मात्र या पापुद्र्याला डोळ्यांना न दिसणारी असंख्य भोकं होती आणि त्या भोकांत चांदीचे कण बसवलेले होते. सगळी गंमत त्या चांदीत होती.

शरीरात परकी वस्तू बसवली की जंतूंना आयतं घर मिळतं. मांसाच्या मदतीला रक्त धावून येतं. धातूला कोण विचारतं? एकदा जंतू तिथे जाऊन बसले की स्वतःभोवती चिकट थर करतात आणि त्याखाली निवांत संसार थाटतात. मग कितीही औषधं ओता, त्यांच्या केसालाही धक्का लागत नाही. शेवटी सांधाच उपटून काढावा लागतो. रंगारणीची चांदी त्यांना मुळात बसूच देत नव्हती. काचेच्या बशीतल्या जंतूंवर हे सिद्ध झालं, मग मेंढ्यांवर झालं, आणि आता कितीतरी वर्षांच्या खटपटीनंतर माणसांवर चाचणी सुरू व्हायची होती. आता बाईने जिन्यात उड्या मारायच्या नाहीत तर कुठे मारायच्या?

तिला रंगारीण हे नाव कप्तानने दिलं होतं. कप्तान हा प्रयोगशाळेतल्या त्यांच्या गटाचा प्रमुख. पोट सुटलेला, आवाज मोठा, मन त्याहून मोठं. आवाजामुळे त्याला कप्तान म्हणत. रंगारणीचे वडील खरोखरच कापड रंगवायचे. घरामागच्या पडवीत त्यांचे हौद होते, आणि ती नि तिची थोरली बहीण कोपरापर्यंत रंगलेल्या हातांनीच शाळेत जायच्या. पुढे धाकटी शिकत शिकत धातूंची डॉक्टर झाली आणि ताईने वडिलांचे हौद सांभाळले. दोघींच्या हौदांत फरक एवढाच, की धाकटीच्या हौदाला वीज लागायची.

आणि तिच्या उड्यांमागे आणखी एक कारण होतं, ते ताईचं. गेल्या वर्षी ताई हौदाकाठी घसरून पडली आणि तिचा खुबा मोडला. नवा सांधा बसवला, टाके सुकले, सगळे आनंदात. आणि मग ताप सुरू झाला. आत जंतू शिरले होते. डॉक्टरबाईंनी सांधा काढला आणि त्या जागी औषध मिसळलेल्या सिमेंटचा तात्पुरता तुकडा बसवला. तेव्हापासून ताई घरात वॉकर धरून खुरडत होती. जंतू आता मेले होते, दुसरा सांधा बसवायला हरकत नव्हती. मात्र डॉक्टरबाई स्पष्ट म्हणाल्या होत्या, "हाड आता एकदाच सांधा धरेल. हाही बिघडला तर तिसऱ्याला जागा नाही." म्हणजे मग ताई कायमची खुर्चीत.

या नव्या चाचणीत पहिल्या रुग्णांत ताईचं नाव होतं. चाचणीची रीत अशी, की निम्म्या लोकांना चांदीचा दांडा आणि निम्म्यांना साधा. कुणाला कुठला ते दूरच्या एका संगणकाने चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवायचं. रुग्णाला कळायचं नाही, डॉक्टरला कळायचं नाही, कुणालाच नाही. कारण चांदीचा दांडा आहे हे कळलं की डॉक्टर निर्धास्त होणार. साधा आहे हे कळलं की चार औषधं जास्त देणार, दहादा जास्त बघणार. मग माणूस चांदीमुळे वाचला की डॉक्टरच्या धास्तीमुळे, हे कोण सांगणार? असली चाचणी कुणी मानत नाही, आणि न मानलेल्या चाचणीतला दांडा पुढे कुणाच्याच हाडात जात नाही. म्हणून साधे दांडेही तसेच निळे करून ठेवले होते. नंतर दुसऱ्या खोलीत त्यांच्यावर आकडे कोरले गेले आणि आकड्यांची यादी त्या खोलीतच राहिली, त्यामुळे कुठला आकडा कशाचा हे खुद्द रंगारणीलाही ठाऊक नव्हतं. ताई आपली बहीण आहे हे तिने कप्तानला पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. तेव्हापासून चिठ्ठ्यांच्या बाजूला तिला फिरकायलाही बंदी होती.

निम्मी निम्मी शक्यता. रंगारणीने मनातल्या मनात ती शक्यता केव्हाच पूर्ण करून टाकली होती.

तिने दांड्यांचा ट्रे उचलला, खांद्याने दार ढकललं आणि अंगणात पाऊल टाकलं. लख्ख ऊन पडलं होतं. तिने सहज खाली पाहिलं आणि ती जागच्या जागी खिळली.

ट्रेमध्ये दोन रंग होते.

तिने चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. काही दांडे मोरचुदी होते आणि काही मोरपंखी. मोरचुदी म्हणजे स्वच्छ, थंड, सरळ निळा. मोरपंखीत मात्र हिरव्याची झाक असते, आणि चांदीचे बारीक कण निळ्यावर पिवळी छटा टाकतात हे तिच्याइतकं कुणाला माहीत असणार? म्हणजे मोरपंखी ते चांदीचे आणि मोरचुदी ते साधे. ती सावलीत गेली, फरक पुसट झाला. आत ट्यूबलाइटखाली गेली, फरक नाहीसा झाला. पुन्हा उन्हात आली, आणि तो पुन्हा ठसठशीत समोर.

ही चूक दुसऱ्या कुणी केली असती तर समजण्यासारखं होतं. पण ती रंगाऱ्याची पोर! ट्यूबलाइटखाली जुळलेले दोन रंग उन्हात एकमेकांची ओळखही देत नाहीत, हे ती बोलायला लागली तेव्हापासून ऐकत आली होती. वडील गिऱ्हाइकाला कापड दाखवण्याआधी ओरडायचे, "दारात ने, दारात ने!" दारातल्या उजेडात जुळलं तरच ते जुळलं. प्रयोगशाळेत मात्र खिडकी असलेली एकुलती एक खोली कप्तानने स्वतःसाठी ठेवली होती, आणि रंगारणीने सगळे रंग दिव्याखाली जुळवले होते.

आता बघा, अंगणात ती एकटीच होती. तिच्या हातात ट्रे होता आणि डोक्यात विचारांचं नुसतं थैमान. कुणाला दिसणार आहे हे? सगळ्यांना निळं म्हणजे निळं. ती गप्प बसली तर उद्या चाचणी सुरू होईल आणि ताईला निम्मी संधी मिळेल. ती बोलली तर सगळं थांबेल. ताईचं हाड काही कुणासाठी थांबणार नव्हतं. तिला मग साधाच दांडा बसवावा लागणार, चांदीची आशा शून्य. एवढं सगळं समोर असताना तोंड उघडायचं? पण इस्पितळात खिडक्या असतात. एखाद्या नर्सला, एखाद्या डॉक्टरला आज ना उद्या दोन रंग दिसणारच, आणि मग चाचणी बाद होऊन त्या सगळ्या माणसांनी उगाच अंगावर सुऱ्या चालवून घेतल्यासारखं होणार. तिला स्वतःचाच राग आला, मग उन्हाचा आला, मग वडिलांचा आला. तसाच ट्रे घेऊन ती मागे फिरली आणि कप्तानच्या खोलीत शिरली.

"कप्तान, हे वेगळे दिसतायत."

कप्तानने एक दांडा उचलला, दुसरा उचलला, खिडकीशी नेले, चष्म्यातून पाहिले, चष्म्यावरून पाहिले. "मला काही फरक दिसत नाही."

"तुम्हाला नाही दिसणार. तुमचे दोन मोजे कधी एका रंगाचे नसतात."

कप्तानने पायाकडे बघितलं आणि घसा खाकरला. मग म्हणाला, "असं कर. मी पाठ करून बसतो. तू लाव यांचे दोन ढीग."

तिने लावले. मोरचुदी डावीकडे, मोरपंखी उजवीकडे. कप्तानने एकेक आकडा फोनवरून दुसऱ्या खोलीला सांगितला आणि पलीकडून उत्तरं ऐकत गेला. सुरुवातीला तो मजेत होता, मग त्याचा आवाज लहान होत गेला, आणि शेवटच्या आकड्याला तो कप्तानचा आवाज उरलाच नव्हता.

"सगळे बरोबर," तो म्हणाला. "एकही चूक नाही. कुठून आणलेस गं असले डोळे?"

"बाबांनी दिले."

"परत करता येणार नाहीत ना?"

त्याही परिस्थितीत तिला हसू आलं. मग कप्तानने ताईच्या डॉक्टरबाईंना फोन लावला, चाचणीतल्या शस्त्रक्रियाही त्याच करणार होत्या. डॉक्टरबाई कमी बोलणाऱ्या, आणि बोलल्या की फिरवाफिरव नाही. चाचणी थांबवा, त्या म्हणाल्या. रंग जुळले की पुन्हा बोला. आणि ताईंचं काय, हे विचारल्यावर म्हणाल्या, "पुढच्या आठवड्याच्या अखेरीस मला सांधा बसवायलाच हवा. तोवर तुमचं जमलं तर त्या चाचणीत. नाही तर साधा."

झालं! रंगारणीने बाह्या वर सारल्या. चांदीच्या दांड्यांना हात लावायचा प्रश्नच नव्हता, साध्यांनाच मोरपंखी करायचं होतं. साध्या दांड्यांचा पापुद्रा काढून टाकून नवा चढवता येत होता. चाचणीवर देखरेख करणाऱ्या समितीची परवानगी मिळवण्याचं काम कप्तानने अंगावर घेतलं, आणि असा काही आवाज लावला की समितीने फोन कानापासून लांब धरूनच होकार दिला असणार. अट मात्र त्यांनी घातली. नवे दांडे सगळ्या तपासण्यांतून जायला हवेत, आणि ज्या डोळ्यांनी फरक ओळखला त्याच डोळ्यांना तो भर उन्हात ओळखता येता कामा नये.

म्हणजे रंगारणीनेच परीक्षा द्यायची, आणि ती नापास झाली तरच सगळ्यांनी पास व्हायचं.

तिने विजेचा दाब थोडा वाढवला. पापुद्रा जाड झाला, निळा हिरव्याकडे झुकला. आणखी थोडा. दिव्याखाली तर काय बघायचं, जुळी भावंडं! कप्तानने अंगणाकडच्या दारात टेबल ओढलं, चांदीचे जुने नि साधे नवे दांडे मिसळून मांडले आणि तो वही नाही, पेन नाही, नुसते हात बांधून समोर उभा राहिला.

रंगारीण पुढे वाकली. आणि तिला दिसत होतं. नव्या साध्या दांड्यांत हिरवा होता खरा, पण तो कोरडा हिरवा. चांदीच्या मोरपंखीला आतून ऊब होती, तशी याला नव्हती. फरक बारीक होता. जगात दोन माणसांना दिसला असता, एक ती आणि दुसरी ताई. चुकायचं काय अवघड होतं? चार दांड्यांवर खोटं बोट ठेवायचं, की झालं. कप्तान टाळ्या पिटणार, उद्या चाचणी, आणि ताईचा खुबा.

"चांदी," ती म्हणाली. "साधा. साधा. चांदी. साधा."

ती सांगत गेली आणि कप्तानचे बांधलेले हात हळूहळू सुटत गेले. सगळे बरोबर. तिने शेवटचा दांडा खाली ठेवला, आत गेली आणि नळ सोडून तोंडावर पाणी मारत राहिली.

संध्याकाळी ऊन तिरकं झालं तेव्हा ती ताईकडे गेली. ताई पडवीत वॉकर धरून उभी होती आणि हौदावरच्या बायकांना तिथूनच हुकूम सोडत होती. धाकटीचा चेहरा बघताच तिने बायकांना घरी पाठवलं.

"बोल. कोण मेलं?"

रंगारणीने सगळं सांगितलं, मोरचुदीपासून मोरपंखीपर्यंत. ताई ऐकत गेली तशी तिच्या कपाळावरची शीर फुगत गेली.

"तुला तोंड बंद ठेवायला काय झालं होतं गं? लहानपणी बरी नको तिथे मुकी व्हायचीस!"

"ताई, ती चाचणी फुकट गेली असती."

"गेली असती तर गेली असती! माझा पाय गेला तर?" असं म्हणून ताईने वॉकर दाणकन आपटला आणि दुसऱ्याच क्षणी तिचे डोळे भरून आले. तिने ते पदराने पुसले, नाक ओढलं आणि काही वेळ हौदाकडे बघत राहिली. रंगारणीला वाटलं, बहिणीने आता आपलं तोंड बघितलं नाही तरी ते बरोबरच होईल.

"कशात फसतंय?" ताईने अचानक विचारलं. आवाजात अजून राग होता, पण तो वेगळा राग होता. हे कामातलं चिडणं होतं.

"हिरवा येतो, पण कोरडा येतो."

"दारात बघितलंस?"

"दारातच बघितलं."

"किती हात दिलेस?"

"एकच. दाब वाढवून."

"एकच?" ताईने तिच्याकडे असं पाहिलं, की जणू तिने कापड न भिजवताच हौदात टाकलं होतं. "मोरपंखी कधी एका पाण्यात आलाय? बाबा आधी..."

"...निळ्यात बुडवायचे..."

"...नि मग पिळून..."

"...दुसऱ्या पाण्यात!" दोघी एकदम ओरडल्या. रंगारीण उठून उभीच राहिली. दोन पाणी! एकाच हौदात दाब वाढवत बसली होती वेडी. एका आम्लात पापुद्रा चढतो तो घट्ट असतो, दुसऱ्यात चढतो तो भुसभुशीत. आधी घट्ट, त्यावर भुसभुशीत असे दोन थर केले तर उजेड दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून परतेल, आणि रंगाला ती आतली ऊब येईल. चांदी नसतानाही येईल. ती पडवीत येरझाऱ्या घालत हे सगळं भराभरा बोलत होती, हातवारे करत होती आणि ताईला त्यातलं काही कळो न कळो, ती मान डोलवत होती.

"जा आता," ताई म्हणाली. "इथे काय नाचतेस? आणि ऐक, मुरवायला वेळ दे. तुझी घाई मला माहितेय."

त्यानंतरचे दिवस रंगारणीच्या अंगात वारं शिरल्यासारखे गेले. पहिल्या दांड्याचा रंग गढूळ आला. दुसऱ्यावर डाग पडले. तिसरा मात्र हौदातून वर आला तेव्हा तिने तो दिव्याखाली बघितलाच नाही, ओला तसाच हातात धरून दाराकडे पळाली. उन्हात तो चमकला आणि तिच्या तोंडून शीळच निघाली. आयुष्यात तिला शीळ घालता आली नव्हती. कप्तान खोलीबाहेर येऊन बघू लागला की हे पाखरू कुठून आलं.

मग तसे सगळेच साधे दांडे केले, त्यांच्या तपासण्या झाल्या, दुसऱ्या खोलीत सगळ्यांवर नवे आकडे कोरले गेले, आणि पुन्हा दारात टेबल आलं. या वेळी डॉक्टरबाई स्वतः आल्या होत्या आणि हाताची घडी घालून भिंतीशी उभ्या होत्या. ऊन डोक्यावर होतं. रंगारीण वाकली.

तिने एक दांडा उचलला. मोरपंखी. दुसरा उचलला. मोरपंखी. तिने दोन्ही शेजारी धरले, फिरवले, तिरके केले, डोळे बारीक केले, एक डोळा मिटून पाहिलं. वडिलांनी शिकवलेल्या सगळ्या युक्त्या तिने केल्या. आधी दूरच्या भिंतीकडे बघून डोळे निववायचे आणि मग झटकन कापडाकडे बघायचं, तेही केलं. तिला मनापासून ओळखायचं होतं, अगदी जिद्दीने ओळखायचं होतं, आणि ओळखता येऊ नये म्हणून तिचा जीव टांगणीला लागला होता. एकाच छातीत हे दोन्ही मावेना.

"हा... चांदीचा," ती म्हणाली. "नाही. साधा. थांबा. चांदीचा."

शेवटच्या दांड्यापर्यंत ती अशीच अडखळत गेली. कप्तान फोनवर पुटपुटत राहिला. मग त्याने फोन खिशात टाकला आणि चेहरा एकदम गंभीर केला.

"निम्मे चुकलीस," तो म्हणाला. "डोळे बांधून बोट ठेवलं असतंस तरी एवढंच आलं असतं. नापास! सपशेल नापास!" आणि त्या दणदणीत आवाजात तो असा काही हसला, की वरच्या मजल्यावरच्या लोकांनी खिडकीतून डोकी काढली.

रंगारीण टेबलाला धरून उभी होती. डॉक्टरबाई पुढे आल्या. "एक विचारू का? तुमच्या बहिणीचा प्रश्न आहे. तुम्ही मुद्दाम चुकला नाहीत हे मी कशावरून मानायचं?"

उत्तर कप्तानने दिलं. "तिला खोटं चुकायचं असतं तर ती मागच्याच खेपेला चुकली असती. तेव्हा हिने सगळे बरोबर सांगितले आणि नळाखाली जाऊन रडली. मी बघितलंय."

डॉक्टरबाईंनी रंगारणीच्या दंडावर हात ठेवला, क्षणभर दाबला आणि त्या शस्त्रक्रियेची वेळ ठरवायला निघून गेल्या.

शस्त्रक्रियेच्या सकाळी ताई इस्पितळात खिडकीजवळच्या खाटेवर होती. नर्सने बंद पारदर्शक पाकीट आणलं. त्यावरचा आकडा रुग्णाला दाखवून खात्री करून घ्यायची रीत होती. ताईने आकड्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तिने पाकीट नर्सच्या हातून घेतलं आणि सरळ खिडकीच्या उन्हात धरलं.

"अहो, ते..." नर्स म्हणाली.

"उघडत नाही गं बाई, नुसतं बघतेय." ताईने पाकीट फिरवलं, तिरकं केलं, डोळे निववले आणि पुन्हा पाहिलं. रंगारीण खाटेशी उभी होती. या एका माणसाच्या डोळ्यांची तिला स्वतःच्या डोळ्यांपेक्षा जास्त भीती होती. ताईने खूप वेळ घेतला. मग पाकीट तिच्याकडे सरकवलं. "तू बघ."

तिने बघितलं. उन्हात सुरेख मोरपंखी दांडा, आणि तो काय आहे हे तिला कळत नव्हतं.

"डोळे फुटले का गं आपले?" ताईने विचारलं.

"फुटले ताई! एकदाचे फुटले!" आणि दोघी अशा हसत सुटल्या की नर्सला पाकीट ओढून घ्यावं लागलं. हसता हसता रंगारणीला रडू फुटलं. ताईने तिचं डोकं जवळ ओढलं आणि तिच्या केसांत तोंड घालून, फक्त तिलाच ऐकू जाईल असं म्हणाली, "हे बघ, चांदीचा असला तर तुझ्या हातचा. साधा असला तर बाबांच्या हातचा. मला दोन्ही चालतात. आता रडू नकोस, मला भूल द्यायला आलेत."

खाट चाकांवर गेली. रंगारीण बाहेरच्या बाकावर बसली. आपण खरं बोललो, बरोबर वागलो, हे तिला ठाऊक होतं. आणि तरी सबंध वेळ ती हात घट्ट आवळून मनात एकच घोकत होती, चांदीचा असू दे, चांदीचा असू दे. त्याची तिला लाजही वाटत नव्हती.

दार उघडलं. डॉक्टरबाई टोपी काढत बाहेर आल्या. घामाने त्यांचं कपाळ चमकत होतं आणि कधी न हसणाऱ्या त्या बाई चक्क हसत होत्या.

"बसला," त्या म्हणाल्या. "असा घट्ट बसलाय की विचारू नका. उद्या उभं करणार आहे त्यांना."

रंगारीण ताडकन उठली, आणि स्वतःला आवरायच्या आत तिच्या तोंडून निघून गेलं, "कुठला? डॉक्टरबाई, कुठला होता?"

डॉक्टरबाईंनी तिच्याकडे पाहिलं, खांदे उडवले आणि अगदी प्रामाणिकपणे सांगितलं, "निळा."